एका कापडाचा फेटा आणि पदर

शीतल,

परवा तुझ्या शोकसभेतनं मी मधेच उठून आलो. तुझी नाटकातली पोरं मागनं हाका मारत होती, "आबा, थांबा की, दोन शब्द बोला." मी थांबलो नाही. दोन शब्दांत आटपण्याइतकं तुझं माझं थोडं नव्हतं. आता तीच पोरं म्हणतात, बोलला नाहीत तर लिहून द्या, स्मरणिकेत छापतो. माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहितो, पण कुणी माझी वाक्यं सरळ करायला बसलं तर कागद परत घेऊन येणार, हे त्यांना आधीच सांगितलंय.

उठून का आलो ते ऐक. स्टेजवर तुझा फोटो, त्याला हार. फोटो कुठला? टीव्हीवरच्या त्या हसवायच्या कार्यक्रमातला. भडक ओठ, वाकडी मान, टाळी वाजवायला उचललेले हात. ज्या पार्टाचं नाव काढलं तरी तू चहाचा कप खाली ठेवायचंस, तोच. व्यवस्थेला एक पोरगा होता, त्याला मी विचारलं, "ह्यो फोटो कुणी काढला शोधून?"

"आबा, लोक ह्याच फोटोनं ओळखत्यात की."

"लोक ओळखत्यात म्हणून मेल्यावरबी टाळीच वाजवायची व्हय?"

"आता हार घातलाय, आबा. काढता येत न्हाय."

मग भाषणं झाली. एक म्हणाला, हसवता हसवता रडवून गेला. दुसरा म्हणाला, कोल्हापूरची लाडकी अभिनेत्री हरपली. तिसरा हुशार, त्यानं नावच घेतलं नाही, सगळा वेळ 'हे व्यक्तिमत्त्व, हे व्यक्तिमत्त्व' करत राहिला. मागच्या रांगेत तू असतंस तर पोट धरून हसलं असतंस. मला हसू आलं नाही. राग आला, आणि त्या तिघांपेक्षा तुझाच जास्त आला. भांडण अर्धं टाकून कुणी जातं का?

पोरं विचारतात, आबा, तुम्ही शीतलला 'आलंस, गेलंस' का म्हणता. आमच्या नेसरीकडं लेकराला असंच विचारतात, जेवलंस का, दमलंस का. तू पहिल्यांदा माझ्या भाड्याच्या फेट्या-लुगड्यांच्या दुकानात आलंस तेव्हा लेकरूच होतंस. पुढं तुला दाढी आली, ती तू काढलीस, केस वाढवलेस, परत कापलेस. मी काय दरवेळी बोलणं बदलत बसू? एकदा धरलं ते धरलं.

तो दिवस माझ्या चांगला ध्यानात आहे. भर दुपारी, शाहूपुरीत गिऱ्हाईक नाही, मी फेट्याच्या घड्या घालत बसलेलो. तू गारगोटीच्या एसटीनं घामेघूम होऊन आलंस. कॉलेजचं गॅदरिंग होतं.

"आबा, एक फेटा पाहिजे आणि एक नऊवारी पाहिजे."

"नऊवारी कुणाला?"

"मला."

"मग फेटा कुणाला?"

"त्योबी मलाच."

"एकदम, का एकामागनं एक?"

तू जरा विचार केलास आणि म्हणालंस, "ते अजून ठरलं न्हाय."

ते उत्तर मला आवडलं होतं. तुला तसं बोललो नाही. चुरगळून आणलंस तर धुलाई वेगळी पडंल, एवढंच बोललो.

मला वाटलं, हे माझ्यासारखंच. मी नेसरीच्या जत्रेत स्त्रीपार्ट करायचो. माझा आवाज फुटायला वेळ लागला आणि कंबर बारीक होती, म्हणून मास्तरांनी मला लुगडं नेसवलं. मी पदर सावरला की पुढच्या बायका आपापला पदर सावरायच्या. हे फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे फुशारकीनंच सांगतो, पण खरं आहे. तुला मी ते कितीदा सांगितलं. दरवेळी शेवट तोच असायचा: पार्ट संपला की लुगडं उतरवायचं, तोंड धुवायचं, बाप्याचा बाप्या घरला जायचं. कला कलेच्या जागी.

तू ऐकून घ्यायचंस. मग एक दिवस बोललंस. पावसाळ्यातली संध्याकाळ, दुकानात आपण दोघंच, तू फेट्याच्या काठावरनं बोट फिरवत होतंस. "आबा, तुमचं उतरत होतं. माझं उतरत न्हाय. मी काय करू?"

"साबणानं घास."

तू हसलंस. मीबी हसलो. मग तू हसायचं थांबलंस आणि म्हणालंस, "मी बाप्या न्हाय आबा. आणि बाईबी न्हाय."

"मग त्या टाळीवाल्यांतलं?"

"त्येबी न्हाय. त्यांचं येगळं, माझं येगळं."

"मग हायस तरी कोण?"

"शीतल."

कोल्हापुरात शीतल नावाचे बाप्येबी आहेत आणि बायाबी आहेत, त्यामुळं नावानं माझी काही सोडवणूक झाली नाही. तू एक इंग्रजी शब्दही सांगितलास, नॉनबायनरी. तो माझ्या जिभेवर बसंना. मी म्हणालो, "बरं. चहा घेणार का?" तू म्हणालंस, "घेणार की." त्या विषयावर आपलं एवढंच बोलणं झालं. नंतर तू कुठल्याशा मुलाखतीत सांगितलंस म्हणे, की आबांनी मला एका कपात समजून घेतलं. खोटं आहे ते. मला काही समजलं नव्हतं. चहाची वेळ झाली होती म्हणून विचारलं.

मग ती नाटकाची स्पर्धा. तू आईचं काम केलंस. लुगडं माझ्या दुकानातलं, पण ते तू असं नेसलं होतंस, की मला माझीच वस्तू ओळखू आली नाही. त्या नाटकात लेक घर सोडून जाते आणि आई काहीच बोलत नाही, नुसती चुलीजवळची राख गोळा करून घेते. तू ते पाठमोरं केलंस. नुसत्या पाठीनं. आणि निकाल लागला: अभिनय, पुरुष, पहिलं बक्षीस, शीतल.

तू स्टेजवर गेलंस, माईक घेतलास आणि म्हणालंस, "काम आईचं आणि बक्षीस पुरुषाला. ह्या पुरुषाला मी ओळखत न्हाय. भेटला तर पाठवून देतो." शिल्ड टेबलावर ठेवून खाली आलंस. लोकांना वाटलं विनोद केला, टाळ्या पडल्या. मी वर जाऊन शिल्ड उचलून आणली. बसस्टँडपर्यंत आपण भांडत आलो.

"शिल्ड टाकून येतंय व्हय कोण?"

"ती दुसऱ्याची हाय."

"तिच्यावर तुझं नाव हाय."

"नावाच्या वर काय लिवलंय ते वाचा."

"मला वाचायला येत न्हाय."

"फेट्याच्या पावत्या फाडताना बरं येतंय."

शिल्ड दुकानाच्या कपाटात आहे. गिऱ्हाईक विचारतं, कुणाची. मी सांगतो, आमच्या शीतलची. माझं म्हणणं आजही तेच. बक्षीस घ्यायचं मुकाट, आणि भांडायचं ते घेतल्यावर भांडायचं. रिकाम्या हातानं भांडणाऱ्याचं कोण ऐकतंय? तुझं म्हणणं, की एकदा घेतलं की भांडायचं तोंड राहत नाही. तेही तसंच राहिलं बघ. कुणाचं खरं, ते ठरलंच नाही.

मुंबईला गेलंस. तिथं तुझं काय झालं ते मला घरच्या टीव्हीवर दिसत होतं. आमची सूनबाई हाक मारायची, "आबा, शीतल आलं." मी जेवता जेवता उठून यायचो. आणि दिसायचं काय, तर टाळी. मालिकेत लग्न असलं की टाळी. सिनेमात बाजार असला की टाळी. हिरोच्या गालाला हात लावायचा, हिरोनं ढकलायचं, लोकांनी हसायचं. ज्या पाठीनं आख्खं थिएटर रडवलं, ती पाठ त्यांनी एकदा दाखवली नाही. मी फोनवर तुला शिव्या घालायचो. तू म्हणायचंस, "आबा, दुसरं मिळत न्हाय. मी दारात गेलो की त्यांना तेवढंच दिसतंय."

"मग दारात जाऊ नगंस."

"घरात बसून नट हुतंय का कोण?"

मी फोन ठेवला. उत्तर नसलं की मी फोन ठेवतो, हे तुला माहीत होतं. तू परत लावायचंस आणि जेवणाचं विचारायचंस.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या मोबाईलवरच्या मालिकेत तू ढोरांचा डॉक्टर होतंस. लहानसं काम. अडलेली म्हैस, तू बाही वर सारून तिच्या मागं गुडघ्यावर बसतंस आणि तिच्या मालकाला म्हणतंस, "बोलत रहा तिच्याशी, तुमचा आवाज ओळखतीया." बस. ना कुणी हसलं, ना कुणी ढकललं. डॉक्टर बाप्या का बाई, ते त्या मालकानं विचारलं नाही आणि म्हशीला तर काहीच फरक पडत नव्हता. तुझ्या आईच्या गोठ्यात तू जे बघितलंस ते सगळं त्या हातांत होतं. सूनबाईला मी ते परत लावायला लावलं. फोन करून सांगणार होतो, ब्येस केलंस म्हणून. तेवढ्यात तुझाच फोन आला आणि तू ते लग्नाचं काढलंस, मग आपलं भांडण लागलं आणि म्हैस राहून गेली.

तर ते लग्नाचं. तू स्वतः नाटक लिहिलंस, एकट्यानं करायचं. एका मांडवात नवरा नवरी दोघंही एकच माणूस. तू म्हणालंस, "आबा, लग्नात नवऱ्याचा शेला आणि नवरीचा पदर ह्यांची गाठ मारत्यात. माझ्या खेळात माणूस एकच. मग गाठ कुणाशी मारायची? म्हणून कापडच एक घ्यायचं. डोक्यावर फेटा. त्याचा मागं सोडलेला शेमला लांब ठेवायचा, खांद्यावरनं पुढं आणायचा, की झाला पदर. नेसूबी त्याचंच. आणि हे सगळं तुम्ही बांधायचं, स्टेजवर, लोकांसमोर. खेळ हितं कोल्हापुरात पहिला करणार."

मी म्हणालो, ढळणार.

हे मी हट्टानं म्हणालो नव्हतो. फेटा डोक्याच्या उतारावर बसतो. शेमला हलका असतो म्हणून तो बसून राहतो. त्याच्या जागी लुगड्याएवढं कापड लोंबायला लागलं, की त्याचं वजन मागं ओढणार आणि फेटा मानेवर येणार. भर स्टेजवर माझ्या हातचा फेटा ढळला तर मी शाहूपुरीत दुकान कुठल्या तोंडानं उघडू? एवढ्या लग्नांत, मिरवणुकांत, सिनेमांत बांधले. घोडी उधळली, नवरा पडला, फेटा जाग्यावर होता.

तू दर सुट्टीला यायचंस आणि दुकानात उभं राहायचंस.

"पिन लावू आबा."

"पिन लावायची तर मी कशाला? शिंप्याला बोलव."

"आतनं टोपी घालू."

"टोपीवर गुंडाळलेल्याला फेटा म्हणत न्हाईत. त्याला झाकण म्हणत्यात."

"मग एका जागी उभं राहा म्हणता?"

"एका जागी उभं राहिलंस तर बांधतो."

"मी चालणार आबा. आख्खा खेळ चालण्याचा हाय. नवऱ्यागत चालायचं, मग नवरीगत, मग शेवटाला माझ्यागत."

"मग ढळणार."

"न्हाय ढळत."

"ढळणार."

"न्हाय ढळत. बांधून तर बघा."

मी बांधला नाही. आज कुणी मला म्हणेल, बांधायला हवा होता, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला असंल. झालेला नाही. जे टिकणार नाही ते मी बांधत नाही. तू दुसरीकडनं बांधून घेऊ शकत होतंस, बाजारात तयार फेटे ढिगानं मिळतात. पण तू नाही म्हणालंस. "बांधीन तर आबांकडनं, न्हायतर खेळच करणार न्हाय." मग हट्टी कोण? मी एकटा?

कापड मात्र मी घेऊन ठेवलं होतं. इचलकरंजीहून, गुलबक्षी, हिरव्या काठाचं, मध्ये जोड नसलेलं. तुला सांगितलं नाही. लगेच नाचलं असतंस, आबा मानलं म्हणून. मानलं वगैरे काही नव्हतं. तुझं चुकतंय हे दाखवायचं, तर त्याला कापड लागणारच की.

आणि तू ताप अंगावर काढलास. का, तर शूटिंग थांबेल. कसलं शूटिंग? तोच टाळीचा पार्ट. तुझ्यावाचून त्यांचं काय अडत होतं? एक दिवस घरी झोपलं असतंस तर दुसरं कुणी टाळी वाजवली असती. टाळीला काय, दोन हात लागतात. तापात अंग फणफणत असताना तू ती वाजवलीस आणि त्या सेटवरनंच दवाखान्यात गेलंस. यावर मी तुझ्याशी किती भांडलो असतो, तुला कल्पना नाही.

मग एका सकाळी गारगोटीला तुझ्या घरापुढं तुला घेऊन अ‍ॅम्ब्युलन्स आली. मी कापड घेऊन गेलो होतो. का घेतलं ते मला विचारू नकोस, निघताना काखेत होतं. अंगणात मोठीच पंचाईत झालेली. आपल्याकडं मयताला येणारा माणूस पांघरूण घेऊन येतो, बाप्याला टॉवेल-टोपी, बाईला साडी. तुझ्याकडं कुणी काय आणावं? काहींनी टॉवेल आणले, काहींनी साड्या, आणि एक बाई दोन्ही घेऊन आलेली. तुझा थोरला भाऊ विलास साड्या उचलून बाजूला ठेवत होता आणि तुझी आई त्या परत तुझ्यावर घालत होती. भावकीतला एक म्हातारा माझ्याकडं वळला.

"पावणं, तुम्ही कुणाकडचं?"

"शीतलकडचा."

"शीतलच्या कुणाकडचं?"

"शीतलच्याच."

त्याला ते पटलं नाही, पण त्यानं जागा दिली. विलास माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले. "आबा, तुम्ही आलासा बरं झालं. फेटा बांधा त्याला. येवढ्या बारीला तरी बाप्यासारखा जाऊ दे. हितनं पुढं गावात मला ऱ्हायाचंय."

आई भिंतीजवळनं म्हणाली, "साडी मी घालणार. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"आई, लोक हसत्यात."

"हसू दे की. जित्तं असताना हसायला लावलं, आता फुकटचं हसू दे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तुला शंभरदा नाही म्हटलेलं काम होतं ते. मी कापड उलगडलं. विलासला म्हणालो, "हे टोक ताणून धर." त्याला वाटलं फेटा, त्यानं धरलं. तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि बांधायला लागलो. डोकं जड होतं. जित्त्या माणसाचं डोकं बांधणाऱ्याच्या हाताला मदत करतं, आपसूक वळतं. तुझं वळत नव्हतं. तुरा काढला. मग मागचं सगळं कापड मोकळं सोडून तुझ्या डाव्या खांद्यावरनं पुढं आणलं आणि आईला म्हणालो, "आक्का, ह्यो पदर. तुम्ही लावा." तिनं लावला. छातीवरनं नेऊन नीट चुण्या घातल्या आणि उरलेलं कापड पायापर्यंत सोडलं. दुसऱ्या पांघरुणाला जागाच उरली नाही.

विलासच्या हातात ते टोक अजून होतं. त्याला कळलं हे काय झालं ते. मला वाटलं आता टाकतोय. त्यानं ते तुझ्या पायाखाली दुमडून घातलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला. म्हातारा काहीतरी पुटपुटला. कुणी मनावर घेतलं नाही.

उताराची वाट, खांदेकऱ्यांची उंची कमीजास्त, हेलकावे बसत होते. लोक खाली मान घालून चालले होते आणि मी मागनं टाचा उंचावून फेट्याकडं बघत होतो. कापड ओढतंय का. ढळतोय का. मसणात खाली ठेवल्यावर विलासनं वाकून बघितलं आणि मला म्हणाला, "आबा, टिकला की."

तुला सांगतो, नाहीतर तू तिकडं नाचायला लागशील. आडव्या माणसाच्या डोक्यावर कसलाबी फेटा टिकतो. त्यात माझी कारागिरी नाही आणि तुझी जीतही नाही. तू उभं राहायला पाहिजे होतंस. चालायला पाहिजे होतंस, नवऱ्यागत, नवरीगत, मग तुझ्यागत, आणि मान वळवून मला विचारायला पाहिजे होतंस, आता बोला आबा. ते तू केलं नाहीस. म्हणून निकाल लागलेला नाही. मी अजूनबी म्हणतो, ढळला असता.

रोज दुकान उघडलं की म्हणतो. समोरनं कुणी 'न्हाय ढळत' म्हणत नाही.